मागोने

क्रेमोनातल्या पहिल्या हिवाळ्यात
माझ्याजवळ दोनेकशे शब्द होते, निम्मे औषधांचे.
गोळी, थेंब, उपाशीपोटी, कूस बदला,
आणि 'जरा थांबा', तो दिवसातून चाळीसदा लागायचा.

सिन्योर ओत्तोरीनो झोपले की दुपार उरायची
आणि त्यांच्या गेलेल्या बायकोचं कपाट:
बटणांचे डबे, लोकरीचे गुंडे, एकच कादंबरी.
पुठ्ठा सुटलेला. पहिल्या पानावर
कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं नाव, इनेस.

शब्दकोश मी घेतला नाही.
कुतायसीच्या शाळेत मी भूमिती शिकवायची,
वाटलं, दोन बाजू ठाऊक असल्या की तिसरी काढता येते.
ती खिडकीशी बसली, दिवा लावला नाही,
बाहेर क्रेपुस्कोलो.
म्हणजे संध्याकाळ. नाहीतर धुकं. नाहीतर नवरा.
मी संध्याकाळ धरली आणि पुढे गेले.

तिसऱ्या पानावर लक्षात आलं,
मी जिथं अडते तिथं आधीच कुणी अडलेलं आहे.
शब्दाखाली पेन्सिलीची रेघ,
समासात किडमिडीत अक्षरं, आणि तीही इटालियन नव्हेत,
इकडची बोली, मला त्याहून अगम्य.

विचारलं तेव्हा ओत्तोरीनोंनी चमचा तोंडाजवळ थांबवला.
"बाराव्या वर्षी रेशमाच्या गिरणीत लागली ती.
उकळत्या पाण्यातून कोश काढायची, तिची बोटं बघायला हवी होतीस.
घरात बोलीच. इटालियन असायचं रेडिओत,
आणि सरकारी पत्रांत."
मग सूप सांडलं. तो विषय तिथंच राहिला.

त्यानंतर आम्ही दोघी मिळून वाचत होतो.
ती पुढे, मी तिच्या खुणांवर पाय ठेवत मागे.
एका शब्दाशेजारी तिनं लिहून खोडलं होतं,
पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं.
तो मीही सोडून दिला.

मग पान एकशे बारा.
मुलगी आईला स्टेशनवर पोचवून घरी येते,
जेवायला बसते. तिच्याजवळ मागोने असतो,
तरी ती काही खात नाही.
खाली रेघ नाही, समास कोरा.
इनेसला विचारायची सोय नव्हती. मी गणित मांडलं:
टेबल आहे, भूक नाही, म्हणजे हा पदार्थ.

दुसऱ्या दिवशी खाटकाच्या दुकानात
गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या पाल्मीराला म्हटलं,
अर्धा किलो मागोने द्या.
रांगेतली माणसं हसली. तीही हसली, मग गप्प झाली.
आत गेली, कोंबडीचा पेटा आणून ओट्यावर ठेवला,
जांभळा, गच्च, ज्यात कोंबड्या खडे घोळवतात.
"माझी आजी ह्याला मागोने म्हणायची."
मग ओल्या हाताची दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर टेकवली.
"आणि ह्यालासुद्धा."
आवंढा जिथं अडतो, बरोबर तिथं.

"किती वर्षं झाली घर सोडून?"
मी बोटांनी चार दाखवली.
शब्द येत होता. बाहेर येत नव्हता.
तिनं पेटे कागदात बांधले, वर मूठभर कोथिंबिरीसारखं काही,
आणि पैसे घेताना माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी ते पान पुन्हा काढलं, पेन्सिल घेऊन.
सबंध पुस्तकात अवघड म्हणावा असा हा एकच शब्द
इनेस घरून घेऊन आली होती.
त्याला रेघ कशाला मारेल ती?
मी पेन्सिल डब्यात ठेवली, बटणांबरोबर.

रात्री मुलीचा फोन आला. आज काय नवीन शिकलीस?
म्हटलं, कोंबडीच्या पोटातला एक अवयव.
ती खूप हसली. मला पुढचं सांगायचं होतं.
जरा थांब, म्हटलं, जरा थांब, जरा थांब,
आणि तिनंच विचारलं,
आई, हे तू कुठल्या भाषेत बोलतेयस?